बॉल अर्ध्यावरच परत आला, मग बाकीची ऊर्जा गेली कुठे?

प्रकरण अगदी साध्या गोष्टीवरून सुरू झालं, टेनिसच्या बॉलवरून. ऊर्जेचा धडा होता, मी नेहमीसारखी भिंतीला मीटरपट्टी चिकटवली, एक मीटरवरून बॉल सोडला आणि फळ्यावर लिहिलं की वर असताना स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे असलेली), खाली येताना तिची गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली) होते, ऊर्जा नष्ट होत नाही नि नव्याने तयारही होत नाही वगैरे वगैरे. बॉल उडाला आणि साधारण ५५ सेंटिमीटरवरून परत फिरला. हे होणार हे माहीतच होतं, म्हणून मी दरवर्षीचं वाक्य टाकलं, "उरलेल्या ऊर्जेची उष्णता झाली, थोडी आवाजात गेली," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून बॉल उचलला, गालाला लावला आणि म्हणाली, "सर, गरम नाहीये."

वर्ग हसला, मी पण हसलो. पण ती काही बसली नाही. म्हणाली, "उष्णता झाली म्हणता ना, मग लागत का नाही? आणि लागत नसेल तर झाली हे कशावरून?" आता खरं सांगायचं तर उत्तर माझ्याकडे होतं पण आकडा नव्हता, इतकी वर्षं हे वाक्य बोलतोय आणि एकदाही बसून काढलं नव्हतं की किती उष्णता, किती अंश. "उष्णता झाली" हे वाक्य आपण शिक्षक लोक असं वापरतो की जणू प्रश्न गाडून टाकायचा खड्डाच आहे तो. म्हणून धडा तिथेच थांबवला आणि म्हटलं चला, हिशोबच मांडू. ते हिशोबाचं प्रकरण पुढे चार तास चाललं, ते जसं झालं तसं लिहितोय, चुकांसकट.

आधी बॉलकडे किती ऊर्जा होती ते. बॉलचं वजन केलं, ५८ ग्रॅम. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, ०.०५८ × ९.८ × १, आलं ०.५७ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक). परत ५५ सेंटिमीटर वर गेला म्हणजे ०.३१ ज्यूल परत मिळाले. गायब झाले ०.२६ ज्यूल. एक पोरगा म्हणाला की मग वेग पण अर्धाच झाला असणार जवळजवळ, ही चूक जवळपास प्रत्येक वर्गात होते म्हणून तिथे जरा थांबलो. जमिनीवर आपटताना वेग सेकंदाला ४.४ मीटर, उडताना ३.३ मीटर, म्हणजे वेगाचा पाऊणच्या आसपास शिल्लक आहे, पण गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग असतो आणि पाऊणचा वर्ग केला की निम्म्याच्या जरा वरच येतो. हा वर्गाचा भाग लोकांना पूर्वीही सहजासहजी पटला नव्हता, १७२०च्या दशकात ग्रावेसांडे नावाच्या डच शास्त्रज्ञाने पितळेचे गोळे मऊ मातीवर टाकून बघितले, वेग दुप्पट केला तर खड्डा दुप्पट नाही, चौपट खोल पडतो असं त्याला दिसलं, आणि पुढे एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने तो मुद्दा उचलून धरला तेव्हा कुठे चर्चा वेगाच्या वर्गाच्या बाजूने झुकायला लागली.

मग ०.२६ ज्यूलचे संशयित कोण कोण? पोरांनी चार नावं दिली: हवा, आवाज, जमीन आणि खुद्द बॉल.

हवेचा अंदाज मी घरी काढून आणला होता, या वेगाला टेनिस बॉलला होणारा हवेचा विरोध इतका कमी असतो की खाली येताना ०.०१ ज्यूलच्या आसपास जातो आणि वर जाताना त्याहून कमी. म्हणजे हवा चोर आहे, पण भुरटा. आवाजाबद्दल मात्र पोरं ठाम होती, "सर केवढा टप्पकन आवाज येतो!" कानाला मोठा वाटतो हे खरंय, पण आपला कान भयंकर संवेदनशील आहे आणि तिथेच फसायला होतं. आपण साध्या आवाजात बोलतो तेव्हा तोंडातून बाहेर पडणारी ध्वनीची शक्ती एका वॅटच्या एक लाखाव्या भागाइतकी असते. समजा बॉलचा टप्पा त्याच्या हजारपट जोरात आहे आणि सेकंदाचा शंभरावा भाग टिकतो, तरी हिशोब होतो ०.०००१ ज्यूल. ०.२६ पुढे हे काहीच नाही. तरी पुस्तकांतून, उत्तरपत्रिकांतून "ध्वनी ऊर्जेत रूपांतर झाले" हे आवाजाचं नाव पहिलं लिहिलेलं असतं, मला याचा जरा रागच येतो, कारण पोरांच्या डोक्यात वाटा उलटे बसतात.

जमीन जड आणि कडक, ती जवळपास हलतच नाही, थोडी थरथरते तेवढीच. राहिला बॉल. टप्पा पडतो तेव्हा काही मिलिसेकंद बॉल चपटा होतो, आतली हवा दाबली जाते आणि रबर वाकतं. हवा स्प्रिंगसारखी बऱ्यापैकी सगळं परत देते, रबर देत नाही, रबराच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींवरून घासत सरकतात आणि सरळ होताना घेतलं तेवढं परत करत नाहीत. आणि हा काही दोष नाहीये बरं का, टेनिसच्या नियमातच आहे की २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला नेहमीचा बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटरच उडायला पाहिजे. म्हणजे निम्म्याच्या जवळपास ऊर्जा खाणं हे त्याचं कामच आहे.

आता गालाच्या प्रश्नाचं उत्तर. रबराचं एक ग्रॅम एक अंशाने तापवायला साधारण २ ज्यूल लागतात, म्हणजे अख्ख्या बॉलला एका अंशाला ११६ ज्यूल. आपल्याकडे आहेत ०.२६. भागाकार केला तर तापमानवाढ येते ०.००२ अंश सेल्सिअस. दोन हजारांश अंश! गालाला काय, आमच्याकडच्या ०.१ अंश दाखवणाऱ्या डिजिटल थर्मामीटरलाही हे दिसणार नाही. एक अंश वाढवायला एक मीटरवरून जवळजवळ साडेचारशे वेळा बॉल टाकावा लागेल, आणि तेही मधल्या वेळात तो अजिबात गार न होता. स्क्वॉश खेळणारे मॅचच्या आधी बॉल भिंतीवर जोरजोरात मारून गरम करून घेतात ते याच कारणाने जमतं, तिथे वेगही जास्त आणि टप्पेही भराभर.

मुलीने हिशोब वहीत उतरवला आणि परत तेच, "पण हे तर आपण आकडे गुणले, गरम झालेलं कुठे बघितलं?" बरोबर होतं तिचं. हिशोबाने फक्त एवढंच कळलं की ते का दिसणार नाही.

तर दिसेल असं काहीतरी करायला पाहिजे होतं. यासाठी एक जुना प्रयोग आहे, शिशाच्या छर्‍यांचा. एक मीटर लांबीची जाड पुठ्ठ्याची नळी घ्यायची, आत शिशाचे छर्रे भरायचे, दोन्ही टोकांना बुचं. नळी उलटी केली की छर्रे वरून खाली धप्पकन पडतात, शिसं मऊ असल्यामुळे अजिबात उडत नाहीत, सगळी गतिज ऊर्जा तिथल्या तिथे संपते. परत उलटी करायची. असं पन्नास वेळा केलं की छर्रे एकूण पन्नास मीटर पडल्यासारखे होतात.

शिसंच का, हे पोरांना आधी विचारलं. बहुतेकांचं उत्तर, "जड असतं म्हणून जास्त गरम होणार." दिसायला बरोबर, पण चूक. वजन वाढलं तर ऊर्जा वाढते हे खरं, पण तापवायचा मालही तेवढाच वाढतो, त्यामुळे वस्तुमान दोन्हीकडून कटतं, सूत्रात उरतं फक्त गुरुत्व त्वरण गुणिले एकूण उंची भागिले विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे तो पदार्थ एक किलो घेऊन एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. शिशाची विशिष्ट उष्माधारकता किलोला अंशामागे फक्त १२८ ज्यूल आहे, लोखंडाची ४५० च्या आसपास, पाण्याची ४१८६. म्हणून शिसं पटकन तापतं. ९.८ × ५० भागिले १२८ म्हणजे ३.८ अंश. स्टीलचे छर्रे घेतले तर जेमतेम एक अंश आणि पाणी असतं तर ०.१ अंश. शिसं विषारी आहे म्हणून हातमोजे घातले, नळी बंद असतानाच पोरांच्या हातात दिली, छर्रे ओतायचं काम मी केलं आणि नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुतले. हे ज्यांना करून बघायचंय त्यांनी गाळू नका, आणि मनात धाकधूक असेल तर स्टीलच्या छर्‍यांवर भागवा, एक अंश पण दिसतो.

पहिली फेरी. २५० ग्रॅम छर्रे, पन्नास उलट्या, भाकीत ३.८ अंश. एका पोराने दोन्ही टोकं घट्ट पकडून नळी उलटीसुलटी केली, बाकीचे ओरडून मोजत होते. बूच काढून थर्मामीटरची तार छर्‍यांत खुपसली आणि वाढ आली ४.४ अंश.

म्हणजे हिशोबापेक्षा जास्त! वर्गात जल्लोष, "सर ऊर्जा नवीन तयार झाली!" दोन मिनिटं मी पण गांगरलो, कारण कमी येणार याची तयारी करून आलो होतो, जास्तीची नाही. मग लक्षात आलं ते इतकं बावळटपणाचं होतं की काय सांगू, छर्रे ज्या टोकाला पडून असतात ते टोक त्या पोराच्या मुठीत होतं, आणि हाताचा तळवा छर्‍यांपेक्षा चांगला गरम. हातमोज्यातूनही उष्णता आत जात होती. ऊर्जा नवीन झाली नव्हती, पोराच्या अंगातून आली होती, फक्त आपल्या वहीत तिची जमेची नोंद नव्हती. मला उलट हे फार आवडलं, कारण अक्षय्यतेचा नियम, म्हणजे ऊर्जा नष्टही होत नाही नि नव्याने तयारही होत नाही हा, कशाला म्हणतात ते इथे दिसतं. हिशोब जुळला नाही तर नियम मोडला असं म्हणत नाहीत, कुठून तरी दार उघडं राहिलंय ते शोधतात. आणि या वेळेला दार खरंच सापडलं.

दुसरी फेरी, नळी मधोमध धरायची, हाताला फडकं गुंडाळून. आली वाढ २.३ अंश. आता कमी. पहिल्या फेरीतला पोरगा म्हणतो माझ्यासारखं कुणाला जमत नाही. यावेळी मी उलटायची पद्धत नीट बघितली, तर दुसरी मुलगी नळी सावकाश, जपून फिरवत होती, आणि नळी तिरकी होते तेव्हाच छर्रे घसरायला लागत होते. आपण धरलंय की प्रत्येक वेळी छर्रे पूर्ण मीटरभर वर उचलले गेले आणि मग पडले, पण ते अर्ध्या वाटेतच घसरून खाली येत असतील तर तेवढे उचललेच गेले नाहीत, उचलायचं कामच झालं नाही तर ऊर्जा येणार कुठून. शिवाय घसरताना नळीच्या पुठ्ठ्याला घासतात, ती उष्णता थोडी पुठ्ठ्याला जाते.

आणखी एक चूक माझीच. नळी एक मीटरची म्हणून मी पडण्याची उंची एक मीटर धरली, पण छर्‍यांचा ढीग स्वतःच ३ सेंटिमीटर उंच आहे, ते खालच्या टोकाच्या ३ सेंटिमीटरमधून वरच्या टोकाच्या ३ सेंटिमीटरमध्ये जातात, म्हणजे प्रत्यक्षात ९७ सेंटिमीटरच. भाकीत ३.८ नाही, ३.७ पाहिजे. हे एका शांत बसणाऱ्या पोराने दाखवून दिलं, फळ्यावर येऊन चित्र काढून.

तिसऱ्या फेरीत झटक्यात उलटायचं ठरवलं आणि एक जुनी युक्ती पण वापरली, छर्रे सुरुवातीला खोलीच्या तापमानापेक्षा दीड अंश गार करून घेतले. म्हणजे पहिल्या अर्ध्या वेळात बाहेरून थोडी उष्णता आत येते, दुसऱ्या अर्ध्यात थोडी बाहेर जाते आणि दोन्ही साधारण एकमेकींना खातात. वाढ आली २.८ अंश. ३.७ पैकी २.८, बरोबर पाऊण हिस्सा.

इथे पोरांचे हात दुखायला लागले म्हणून थोडं बसलो, आणि एकाने तक्रार केली की एवढा घाम आला नि तीनच अंश? मग त्याचाही हिशोब केला. पाव किलो छर्रे पन्नास वेळा ९७ सेंटिमीटर उचलायचं काम म्हणजे १२० ज्यूलपेक्षा कमी. आहाराच्या तक्त्यात जी एक कॅलरी म्हणतात ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, ४१८४ ज्यूल. म्हणजे छर्‍यांना पोराने त्या एका कॅलरीचा पस्तिसावा भागही दिला नव्हता. घाम आला तो छर्‍यांमुळे नाही, स्वतःचे हात आणि नळी झटक्यात फिरवल्यामुळे, आणि स्नायू घेतलेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा भाग कामात लावतात, बाकीची उष्णता होऊन अंग तापतं. तोंडं बघण्यासारखी झाली होती.

त्या बसण्यातच बॉलवाल्या मुलीने दुसरा प्रश्न काढला, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला तो सगळ्यात मोठा. "सर, मान्य, उष्णता झाली. पण ती बॉलमध्येच आहे ना? ऊर्जा तीच आहे ना? मग ती वापरून बॉल परत वर का उडी मारत नाही?"

अक्षय्यतेचा नियम इथे काहीच मदत करत नाही. गरम बॉल थोडा गार होऊन आपणहून उडाला तरी हिशोब जुळतोच, ऊर्जेची बेरीज तीच राहते. तरी असं कधी होत नाही. का होत नाही ते समजायला बॉलच्या आत बघायला लागतं. पडणाऱ्या बॉलचे सगळे रेणू एका दिशेला, खाली, सेकंदाला ४.४ मीटरने चाललेत, कवायतीसारखे. पण त्याच वेळी प्रत्येक रेणू स्वतःपुरता जागच्या जागी थरथरतोय, आणि बॉलच्या आतल्या हवेचे रेणू तर सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास वेगाने सैरावैरा धावतायत, सगळ्या दिशांना सारखेच. म्हणजे आतली धावाधाव कवायतीपेक्षा कितीतरी मोठी आहे, फक्त तिला एक दिशा नाही. टप्पा पडला की कवायतीतला काही भाग या धावाधावीत मिसळून जातो. परत उडी मारायची तर असंख्य रेणूंनी योगायोगाने एकाच क्षणी वरच्या दिशेला जायचं ठरवायला हवं. मैदानात हजार पोरं वाट्टेल तिकडे पळतायत आणि अचानक सगळी एकाच वेळी उत्तरेला पळाली असं होईल का? आणि इथे तर पोरं हजार नाहीत, एकावर बावीस-तेवीस शून्यं इतकी आहेत.

म्हणजे ऊर्जा संपत नाही, पण कामाची राहत नाही. "ऊर्जा वाचवा" हे पोस्टर बघून एखादं हुशार पोर विचारतंच की अक्षय्य आहे तर वाचवायची कशाला, त्याचं उत्तर हेच, वाचवायची असते ती कवायतीतली. एका पोराने विचारलं की मग उष्णतेपासून काम कधीच नाही का मिळत, तर मिळतं, वाफेचं इंजिन काय करतं, पण त्याला एक गरम बाजू आणि एक गार बाजू अशा दोन्ही लागतात आणि तरीही थोडी उष्णता गार बाजूला टाकून द्यावीच लागते. हा विषय स्वतंत्र आहे, तिथे मी थांबलो, नाहीतर छर्रे राहिले असते बाजूला.

चौथ्या फेरीला वर्गाचे दोन गट पडले. छर्रे दुप्पट करायचे, ५०० ग्रॅम. एक गट म्हणाला दुप्पट छर्रे म्हणजे दुप्पट गरम, ५.६ अंश. दुसरा गट म्हणाला सरांनी सूत्रात वस्तुमान कापलंय, म्हणजे काहीच फरक पडणार नाही, २.८ च येणार. मी गप्प बसलो. आली वाढ ३.१ अंश, दोन्ही गट चूक.

इथे जरा वेळ शांतता होती. मग तो चित्र काढणारा पोरगा म्हणाला, "सर, सूत्रात नळी नाहीये." शाबास! ऊर्जा फक्त छर्‍यांना मिळत नाही, बुचं, पुठ्ठ्याची आतली बाजू, थर्मामीटरची तार, सगळे थोडं थोडं घेतात. पाव किलो छर्‍यांना एक अंश तापायला ३२ ज्यूल लागतात. ३.७ च्या जागी २.८ आले म्हणजे नळी आणि मंडळी मिळून अंशामागे आणखी ११ ज्यूल खातात असं धरलं तर जमतं, कारण ३२ भागिले ४३ म्हणजे पाऊणच्या जवळ. छर्रे दुप्पट केले की त्यांना ६४ लागतात पण नळीचे ११ तेवढेच राहतात, मग छर्‍यांचा वाटा ६४ भागिले ७५, म्हणजे शंभरातले ८५. ढीग आता ६ सेंटिमीटरचा म्हणून उंची ९४, भाकीत ३.६, त्याचे ८५ टक्के ३.१. जुळलं.

हे जुळलं तेव्हा मला स्वतःला जी मजा आली ती बॉल सोडताना इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. पोरांना मग थोडा इतिहास सांगितला, कारण आता तो ऐकायच्या मूडमध्ये होती. उष्णता म्हणजे एक अदृश्य द्रव असतो असं एके काळी मोठमोठे लोक मानायचे. रमफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने म्युनिकला तोफांच्या नळ्या कोरताना बघितलं की घासत राहिलं तर उष्णता निघतच राहते, १७९८ मध्ये त्याने मांडलेल्या प्रयोगात नुसत्या घर्षणावर अडीच तासांत पाणी उकळलं होतं. द्रव असता तर कधीतरी संपला असता. आणि किती कामाला किती उष्णता हा आकडा पक्का केला ज्यूल या शास्त्रज्ञाने, ज्याचं नाव आपण दिवसभर घेतोय. त्याने पडणाऱ्या वजनांनी पाण्यात पाती फिरवली, वजनं वीस वेळा खाली सोडायची, परत गुंडाळून वर घ्यायची, आणि एवढं करून पाणी तापायचं साधारण अर्धा अंश फॅरनहाइट! आमचं शिसं होतं, त्याचं पाणी. त्याने १८५० मध्ये दिलेला आकडा आजच्या आकड्यापेक्षा एक टक्क्याच्या आतच चुकतो. नळी, बुचं, हाताची ऊब असल्या सगळ्या चोरांना त्याने कसं पकडलं असेल याची कल्पना पोरांना आता आली होती, आधी सांगितलं असतं तर नुसतं पाठ केलं असतं. १८४५ मध्ये त्याने असंही लिहिलं होतं की नायगाऱ्याचं पाणी १६० फूट पडून खाली आलं की अंशाचा पाचवा भाग गरम झालेलं असणार, फॅरनहाइटमध्ये. पोरांनी लगेच आमच्याच सूत्रात घालून बघितलं, ४९ मीटर गुणिले ९.८ भागिले ४१८६, आलं ०.११ सेल्सिअस, म्हणजे ०.२ फॅरनहाइट.

शेवटची फेरी ७५० ग्रॅमची. यावेळी नियम केला की आधी प्रत्येकाने वहीत आकडा लिहायचा, नळी नंतर हलेल. बरेचजण म्हणाले ३.४, कारण २.८, ३.१, पुढे ३.४, पायऱ्या दिसतायत ना. बॉलवाली मुलगी मात्र वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. छर्‍यांना ९६ ज्यूल, नळीला ११, वाटा ९० टक्के. पण ढीग आता ९ सेंटिमीटर, उंची उरली ९१, म्हणून आदर्श वाढच ३.५ वर आली. ३.५ चे ९० टक्के किती? तिने लिहिलं ३.१. म्हणजे छर्रे वाढवून काहीच फायदा नाही, एका हाताने मिळतं ते दुसऱ्या हाताने जातं. पायऱ्यावाल्यांनी तिची थोडी टिंगल केली.

नळी आता चांगली जड झाली होती, दोघांनी मिळून फिरवली, पन्नास झाले, बूच काढलं, तार खुपसली. आकडा हळूहळू चढत जाऊन ३.० वर थांबला. "सर, ०.१ कमी आलं," ती म्हणाली आणि लगेच थर्मामीटर हातात घेऊन त्याच्यामागे अचूकतेबद्दल काही छापलंय का ते बघायला लागली. पायऱ्यावाला एक पोरगा तोपर्यंत टेनिस बॉल गालाला लावून उभा होता.